भंगारातला पंप: प्रदर्शनातला आणि बागेतला

शालेय विज्ञान प्रदर्शनात ‘टाकाऊतून टिकाऊ’ या सदराखाली एक प्रतिकृती वरचेवर भेटते. जुन्या कूलरचा किंवा धुलाई यंत्राचा पंप, खाली पाण्याची बादली, वर पुठ्ठ्यावर मांडलेली बाग आणि नळीतून पडणारी धार. शेजारच्या तक्त्यावर दोन दावे असतात: खर्च शून्य आणि पाण्याची बचत. धार पडली की पाहणारे मान डोलावतात व पुढे जातात. शिक्षक मित्रहो, या प्रतिकृतीपाशी आपण थोडे थांबू या.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये अशी कल्पना सुचणे स्वाभाविक आहे. 1985 साली तेथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. औद्योगिक वसाहतीभोवती कामगारांची वस्ती वाढली. येथील उन्हाळा कडक आणि कोरडा. कोरड्या हवेत बाष्पीभवन झपाट्याने होते, म्हणून येथे कूलर चांगला चालतो. साहजिकच कूलरचा पंप भंगारात सहज मिळतो, आणि तो उघडून पाहण्याची मुलांची इच्छा कौतुकास्पदच आहे. तक्रार आहे ती उघडल्यानंतर पुढचे प्रश्न न विचारण्याबद्दल.

पहिला प्रश्न उंचीचा. कूलरचा पंप केंद्रोत्सारी असतो. फिरणारी पाती पाणी बाहेर फेकतात. नळीचे तोंड जसजसे वर न्यावे तसतसा प्रवाह घटतो आणि एका उंचीला थांबतो. पंपावर छापलेली कमाल उंची ती हीच. तेथवर पाणी चढते, पण बाहेर पडत नाही. लहान पंपांत ही उंची दीड-दोन मीटरच असते. नेहमीच्या ठिबक संचातील ड्रिपरना सुमारे 1 किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे 10 मीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब लागतो. या पंपाला थेट ठिबकची नळी जोडली, तर बाग कोरडीच राहील. पुठ्ठ्याची बाग बादलीच्या वर हातभर असते, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा प्रश्न यंत्राच्या मूळ कामाचा. स्वयंचलित धुलाई यंत्रातील निचऱ्याचा पंप काही मिनिटे चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो. तासभर चालवला तर तापून जळू शकतो. त्याची एक गंमत मात्र विद्यार्थ्यांना जरूर दाखवावी. त्यातील कायम चुंबकाची मोटर सुरू होताना कोणत्याही दिशेने फिरू शकते, म्हणूनच त्याची पाती सहसा वाकडी न ठेवता सरळ ठेवतात. बहुतेक अर्धस्वयंचलित यंत्रांत पाणी गुरुत्वाकर्षणानेच बाहेर जाते. तेथे पंप शोधण्यात अर्थ नाही.

तिसरा प्रश्न बचतीचा. समजा, 20 वॉटच्या पंपाने 20 लिटर पाणी दीड मीटर उंचीवर न्यायला दोन मिनिटे घेतली. प्रत्यक्ष काम झाले 20 × 9.8 × 1.5 म्हणजे 294 जूल, आणि खर्च झाली 2400 जूल ऊर्जा. कार्यक्षमता जेमतेम 12 टक्के. विजेचे बिल नगण्य, हे खरे. पण पाणी वाचले कुठे? पंप पाणी हलवतो, वाचवत नाही. पाणी वाचते ते संध्याकाळी देण्याने, आच्छादनाने, मुळाशी थेंब सोडण्याने. 2016 च्या दुष्काळात मराठवाड्यातील मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात उच्च न्यायालयाने 60 टक्क्यांपर्यंत कपात केली होती. अशा प्रदेशात ‘बचत’ हा शब्द मोजमापाशिवाय वापरू नये.

चौथा प्रश्न सर्वांत गंभीर. 230 व्होल्ट, पाणी आणि मूल एका टेबलावर येतात. जुन्या पंपावरचे रेझिनचे आवरण तडकलेले असते, वायरचा जोड चिकटपट्टीने गुंडाळलेला असतो. कूलरचा धक्का बसून मृत्यू झाल्याच्या बातम्या उन्हाळ्यात वाचायला मिळतात. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच नसेल, तर अशी प्रतिकृती चालू करू देऊ नये. बक्षिसाचा विचार त्यानंतर.

मग कल्पनाच सोडून द्यायची का? नाही. घरगुती आर.ओ. शुद्धिकरण यंत्रातील जुना पंप पाहा. तो बहुधा 24 व्होल्ट एकदिश विजेवर चालतो. पडदा मागेपुढे करून तो पाणी ढकलतो. मिनिटाला साधारण एक लिटर पाणी देतो, पण दाब भरपूर. म्हणजे कूलरच्या पंपाच्या नेमके उलट. थोडे पाणी आणि पुरेसा दाब, मोजक्या कुंड्यांच्या ठिबकला हेच हवे. आधी गाळणी लावावी आणि अडॅप्टर पाण्यापासून दूर, कोरड्या जागी ठेवावा. कूलरचाच पंप वापरायचा असेल, तर त्याने मीटरभर उंचीवरची टाकी भरावी आणि तेथून कमी दाबावर चालणाऱ्या साध्या बारीक नळ्यांनी पाणी सोडावे.

अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या ‘आयुका’तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कचऱ्यातून जे पंप करून दाखवले, त्यांचे मोल स्वस्तपणापुरते नव्हते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा झडप म्हणून कसा उघडतो-मिटतो, हे मुलाला करताना कळत असे. आयता पंप जोडण्यात तो लाभ आपोआप मिळत नाही, तो मोजमापाने मिळवावा लागतो. बादली, घड्याळ आणि मोजपट्टी एवढ्यावर भागते. पाव-पाव मीटर उंची वाढवत प्रवाह मोजावा आणि आलेख काढावा. जोडणी शिक्षकांनी करावी, नोंदी विद्यार्थ्यांनी.

परीक्षकांना एकच विनंती. धार पाहून गुण देऊ नका, आलेख मागा. आलेख नसेल, तर त्या मुलाला पुढच्या वर्षी तो घेऊन यायला सांगा. भंगारातल्या पंपाचे खरे चीज तेव्हाच होईल.