विखुरलेले तेल गेले कुठे?

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलमंचावर स्फोट होऊन ११ कामगार दगावले. समुद्रतळाशी, सुमारे १५०० मीटर खोलीवर सुरू झालेली तेलगळती १५ जुलैला थांबली. ४ ऑगस्टला अमेरिकी शासनाने या तेलाचा जमाखर्च वर्तुळालेखात मांडला: थेट गोळा केले १७ टक्के, जाळले ५, पृष्ठभागावरून उपसले ३, बाष्पीभवनाने उडाले किंवा विरघळले २५, बारीक थेंबांत विखुरले २४, उरले २६. त्यावरून 'तीन चतुर्थांश तेल गेले' असा बोलबाला झाला.

बेरीज बरोबर आहे. आक्षेप आहे तो हे सारे आकडे एकाच पंक्तीत बसवण्याला. पहिले तीन आकडे रोजच्या कामाच्या नोंदींतून आले. पुढचे दोन मुख्यतः सूत्रांनी काढलेले अंदाज होते आणि शेवटचा म्हणजे निव्वळ वजाबाकी. आकडे अंदाजी आहेत हे अहवालात म्हटले होते, पण वर्तुळालेखात सगळ्या फाका सारख्याच ठाम दिसतात. शिवाय विखुरणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. साखर विरघळली तरी पेल्यातच असते!

विखुरलेले तेल पाण्यातच शोधावे लागते आणि ते काम संशोधन नौकांनी केले. मे महिन्यात 'पेलिकन'वरील शास्त्रज्ञांना खोल पाण्यात तेलाची चिन्हे आढळली. जूनमध्ये 'एंडेव्हर' नौकेवरून सोडलेल्या 'सेंट्री' या स्वयंचलित पाणयानाने सुमारे ११०० मीटर खोलीवर ३५ किलोमीटरहून लांब हायड्रोकार्बनचा पट्टा मोजला. तो विमानातून कसा दिसणार?

तेल खाणारे जिवाणू ऑक्सिजन वापरतात. म्हणून नौकांवर ठरावीक खोलीचे पाणी बाटल्यांत धरून विंकलर पद्धतीने अनुमापन केले जाई. ही पद्धत महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही करता येते. त्या थरात ऑक्सिजन दीर्घकालीन सरासरीपेक्षा सुमारे २० टक्के कमी भरला. जीवसृष्टी गुदमरेल इतका मात्र नाही. ही तुलना शक्य झाली, कारण गळतीपूर्वीच्या वर्षांत कोणीतरी तिथले पाणी मोजून ठेवले होते.

नोव्हेंबरच्या सुधारित अहवालात रसायनांनी विखुरलेल्या तेलाचा वाटा ८ वरून १६ टक्के झाला. तेल तेच होते, अंदाज बदलला.

हा वर्तुळालेख वर्गात जरूर दाखवावा. प्रत्येक फाकेवर विद्यार्थ्यांकडून एक शब्द लिहून घ्यावा: मोजले, अंदाजले की उरले?