आत्मवृत्ताचे शेवटचे पान

'बैलाचे आत्मवृत्त' हा निबंध ज्याने शाळेत लिहिला नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. मी तो विद्यार्थिनी असताना लिहिला, आणि पुढे शिक्षिका झाल्यावर इथे घाटनांदुरात किती मुलांकडून लिहून घेतला त्याची गणतीच नाही. त्याचा साचा ठरलेला. बैल आपल्या जन्मापासून सुरुवात करतो, पोळ्याच्या झुलीचे आणि बेगडाचे वर्णन करतो, मालकाचे उपकार मानतो, म्हातारा होतो, आणि शेवटच्या चार ओळींत कुठून तरी एक कसाई उगवतो. हा कसाई कोण, त्याला बैल कुणी दिला, किती पैशांना दिला, याबद्दल निबंधात अवाक्षर नसते. बैल रडतो, मालक रडतो, कसाई तेवढा रडत नाही. आणि निबंध संपतो.

काही वर्षांपूर्वी एका मुलीने हा साचा मोडला. तिने लिहिले होते: "माझ्या मालकाने मला बाजारात विकले. त्या पैशांतून त्याच्या मुलीची वह्यापुस्तके आली. मालक त्या दिवशी जेवला नाही, पण दुसऱ्या दिवशी जेवला." मी लाल शाईने 'शेवट नीट नाही' असा शेरा मारला आणि दोन गुण कापले. ते दोन गुण मला अजून बोचतात. या लेखाचे निमित्त म्हणाल तर तेच.

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी हा विषय मांडावा की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पण आमच्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी म्हणजे ऊसतोडीला निघण्याचे दिवस. मुलेबाळे, भांडीकुंडी आणि बैल घेऊन माणसे कारखान्यांच्या वाटेला लागतात. उसाने शिगोशीग भरलेली टायरगाडी चढावर ओढणाऱ्या बैलाची मान ज्याने पाहिली आहे, त्याला हा विषय अवेळी वाटणार नाही. आणि त्या गाडीवर बसलेल्या माणसाची मान ज्याने पाहिली आहे, तो एकट्या गाडीवानाला दोष देऊनही मोकळा होणार नाही.

आपल्या वाङ्मयाने जनावरावर माया केली नाही, असे कोण म्हणेल? प्रेमचंदांची 'दो बैलों की कथा' 1931 सालची. हिरा आणि मोती कोंडवाड्यात उपाशी मरायला टेकतात, लिलावात खाटकाच्या हाती जातात, आणि वाटेत ओळखीचा रस्ता दिसताच घराकडे धूम ठोकतात. मुलांना ही गोष्ट सांगितली की वर्गात टाळ्या पडतात. मीही टाळ्या वाजवते. परंतु लेखिका म्हणून मला एक शंका येते. ते दोघे तरणेबांड होते, म्हणून घरी परत घेतले गेले. दहा वर्षांनी, मोतीचे दात झिजल्यावर, तो मालक काय करील? प्रेमचंदांनी गोष्ट योग्य जागी थांबवली, आणि त्या थांबण्यातच आपली सर्वांची सोय झाली.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) याहून कठोर आहे. तीत शेकूला एका बैलाची जोड मिळत नाही तेव्हा त्याची बायको स्वतः जुवाला खांदा देते. गुरुजी निवेदक असलेल्या या कादंबरीत माणूस आणि जनावर यांच्यातली रेघ अशी एका वाक्यात पुसली जाते, आणि माडगूळकर त्यावर भाष्य म्हणून करीत नाहीत. शेवटी दुष्काळ येतो, मेंढरे मरतात, माणसे वाडी सोडतात. मेंढपाळाची मेंढरावरची माया आणि मेंढरावरच चालणारे त्याचे पोट, या दोन गोष्टींत तिथे कुणाला विसंगती दिसत नाही. विसंगती दिसते ती आपल्याला, दुरून.

या वाचनात माझी समजूत खऱ्या अर्थाने उलटीपालटी केली ती शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015) या पुस्तकाने. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या जेवणाचे हे पुस्तक. 2024 साली भूषण कोरगावकरांनी केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे ते बाहेरच्या जगात गेले. पण त्याची खरी गरज आम्हाला, त्याच मुलखात राहून त्या चुलीकडे पाठ करून बसलेल्यांना होती. चान्या म्हणजे उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, रक्ती, वजडी, तेलातुपाचे नाव नाही, तरी चवीची उणीव नाही. पाटोळे ते सांगताना रडत नाहीत आणि मिरवतही नाहीत. हा संयम मला कुठल्याही अलंकारापेक्षा मोठा वाटतो. पाककृतींच्या पुस्तकाचा बांधा घेऊन त्यांनी एक सामाजिक इतिहास लिहिला आहे. मीठ किती, पाणी किती हे सांगता सांगता वाटा कुणाला किती मिळे आणि का, हेही ते सांगून जातात.

माझ्या सासूबाई माळकरी. आमच्याकडे मटण शिजते ते अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. आणि ते पातेले घरात येत नाही. लहानपणापासून मी हेच पाहिले, म्हणून ते मला धर्मासारखे वाटे. पाटोळ्यांचे पुस्तक वाचल्यावर त्या पातेल्याकडे पाहून मनात आले की, आपण पाप धुऊन टाकत नाही, नुसते अंगणात ठेवतो.

आता या पुस्तकातून निघणारा, पण आपण मान्य करायला कचरतो असा एक मुद्दा. अहिंसेच्या तराजूत तोलले तर आपोआप मेलेल्या जनावराचे मांस खाणारा सर्वांत निर्दोष ठरायला हवा. त्याने सुरी चालवली नाही. आयुष्यभर पराणी टोचली ती दुसऱ्याने, दूध काढले ते दुसऱ्याने, शेवटी चारा तोडला तोही दुसऱ्याने. तरी विटाळ चिकटला तो ओढून नेणाऱ्यालाच. म्हणजे आपला आक्षेप हिंसेला कधी नव्हताच. तो मेलेल्या देहाला शिवणाऱ्या हाताला होता. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (1978) या व्यवस्थेचे जे चित्र आहे ते मी तरुणपणी वाचले होते, पण त्या वेळी मला दारिद्र्य तेवढे दिसले. हा हिशेब दिसला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, त्यामागे हाच हिशेब उलटवण्याची बुद्धी होती. तिथे प्रश्न जनावराचा नव्हता, माणसाच्या मानाचा होता. त्या आवाहनाने अनेकांनी खाण्याबरोबर ओढण्याचे कामही सोडले, आणि मेलेले जनावर कुणी उचलायचे हा प्रश्न प्रथमच मालकाच्या दारात पडला.

पाटोळ्यांच्या पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे, ती लपवीत नाही. त्यात जनावर येते ते मेल्यावर. जिवंतपणी ते कसे होते, त्याच्या डोळ्यांत काय होते, हे जवळजवळ येत नाही. पण ही तक्रार लिहिताना माझी लेखणी अडखळते. ज्यांचे स्वतःचे दुःख लिहायला शंभर वर्षे कागद मिळाला नाही, त्यांनी बैलाचेही दुःख लिहावे, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? आणि आमच्या बाजूच्या पुस्तकांत जनावर जिवंतपणीच तेवढे येते. मेल्यावर ते आमच्या वाङ्मयातून नाहीसे होते. ही दोन्ही कपाटे एकत्र ठेवली तरच एका बैलाचे पुरते चरित्र होते.

ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवेचन सुरू करताना आधी खोट्या अहिंसेचा समाचार घेतला आहे. एक जीव वाचवण्यासाठी दुसरे जीव मारणारे वैद्यकही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि त्यांचेच कुंपण बुंध्याभोवती घालायचे, असा त्यांचा दृष्टान्त आहे. मला वाटते, आमची गोष्ट त्या दृष्टान्तातलीच आहे.

1976 च्या कायद्याने महाराष्ट्रात गाय आणि वासरे यांच्या कत्तलीला बंदी होती. बैल दाखला घेऊन विकता येई. 2015 च्या मार्चपासून बैल आणि वळूही बंदीत आले. म्हैस बाहेर राहिली. तिला कुणी माता म्हटले नव्हते. 2016 च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने परराज्यातले मांस जवळ बाळगण्यावरची बंदी तेवढी काढली, मूळ बंदी राखली. आणि नेमका तोच काळ आमच्याकडे दुष्काळाचा. शेजारच्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात आमच्या गोठ्यातला थकलेला बैल बाजारात नेला, तर गिऱ्हाईक फिरकेना. सासरे दोन बाजार करून त्याला परत घेऊन आले. सुरी टळली, याचा आनंद घरात कुणाला झाला नाही. रोजची अर्धी पेंढी तीन तोंडांत वाटली जाई, आणि त्याच्या वाट्याला सर्वांत शेवटची येई. तो पावसाआधी गेला. खड्डा आम्हीच खणला.

शरच्चंद्रांची 'महेश' ही कथा मी त्या दिवसांत पुन्हा वाचली. गफूर हा गरीब मुसलमान शेतकरी, महेश त्याचा बैल. गोवधाच्या पापावर प्रवचन देणारे तर्करत्न त्याच्या दारातून जातात; गफूर त्यांच्याकडे थोडा पेंढा उसना मागतो आणि ते देत नाहीत. पुढे तहानेने, अपमानाने वेड्यापिशा झालेल्या गफूरच्या हातूनच महेश मरतो. भारतीय भाषांत जनावराच्या मरणावर याहून खरी कथा मला माहीत नाही. तीत मारणारा तोच, आणि माया करणाराही तोच. शरच्चंद्र वाचकाला तर्करत्नाच्या जागी उभे करतात, हे त्या कथेचे सामर्थ्य. तरुणपणी मी स्वतःला गफूर समजून रडले होते. या खेपेस तसे रडता आले नाही.

टॉल्स्टॉयनेही 1892 मध्ये मांसाहारावर निबंध लिहिला, त्याआधी तो तुला शहरातल्या कत्तलखान्यात जाऊन उभा राहिला होता. ही साधी रीत आमच्या लेखकांनी फारशी पाळली नाही, मीही नाही. शहरी वाचकाच्या ताटात आज बैल नाहीच, कोंबडी आहे. सहाएक आठवड्यांत तयार होणारी, पंख असून न उडणारी, हजारोंच्या शेडमध्ये वाढणारी ही कोंबडी माझ्या वाचनातल्या एकाही मराठी कथेत आलेली नाही. तिला नाव नाही, पोळा नाही, आत्मवृत्त तर नाहीच. बैलावर निदान आपण खोटे का होईना, निबंध लिहिले.

मांस खावे की न खावे, याचा निकाल मी देणार नाही. दिला तरी घरात तो चालणार नाही. या पाडव्यालाही अंगणात चूल पेटेल आणि सासूबाई आत तुळशीपाशी बसतील. मात्र यंदा मुलांना निबंध घालताना मी फळ्यावर विषय जरा बदलून लिहिला: 'बैलाच्या मालकाचे आत्मवृत्त'. वर्गात बराच वेळ कुणी लिहायला सुरुवात केली नाही. मग मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "बाई, खरं लिहायचं का?"