दोन माहितीपत्रकं आणि एक मोठा दावा

रोझेक, हाराकिविझ आणि सहकाऱ्यांचा पीएनएएसमधला २०१७ चा पेपर वाचताना तुम्हाला मोह होईल तो एका वाक्याचा: पालकांनी गणिताचं महत्त्व पटवलं की मुलांचं करिअर बदलतं. पेपर चांगलाच आहे. पण तो एवढं म्हणत नाही.

आधी प्रयोग बघा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या कुटुंबांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली. एका गटातल्या पालकांना, मूल दहावी-अकरावीत असताना, दोन माहितीपत्रकं आणि एक वेबसाइट दिली. मुलांना गणित शिकवा असं त्यात नव्हतंच. गणित-विज्ञान कुठे उपयोगी पडतं आणि त्याबद्दल मुलांशी कसं बोलायचं, एवढंच. २०१२ च्या पहिल्या पेपरात दिसलं की या मुलांनी शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत जवळपास एक सेमिस्टर जास्त गणित-विज्ञान घेतलं. २०१७ मध्ये, १८१ कुटुंबांत, एसीटी परीक्षेतले गणित-विज्ञानाचे गुण १२ पर्सेंटाइलने वर. इतक्या स्वस्त उपायासाठी हे खरंच भारी आहे.

आता करिअर. पाच वर्षांनंतरचा परिणाम लेखकांनी अप्रत्यक्ष म्हणून मांडलाय: पत्रकांमुळे तयारी वाढली, आणि जास्त तयारीची मुलं त्या क्षेत्राकडे जास्त वळलेली दिसली. पहिली कडी प्रयोगातून येते, दुसरी फक्त सहसंबंधातून. तयारी काही कुणी चिठ्ठ्या टाकून वाटली नव्हती. ज्याला मुळात आवड आहे तो विषयही जास्त घेतो आणि पुढे तेच निवडतो. शिवाय ‘करिअर’ म्हणून मोजलंय काय? करिअरची इच्छा, कॉलेजात घेतलेले विषय आणि त्या विषयांबद्दलचं मत. नोकरी कुठेच नाही. (पेपर वाचताना शीर्षकाआधी मोजमापाचा भाग उघडा, बराच वेळ वाचतो.)

मला जास्त खटकतं ते वेगळंच. याच प्रयोगावरचा २०१५ चा पेपर सांगतो की फायदा मुख्यतः अभ्यासात पुढे असलेल्या मुलींना आणि मागे असलेल्या मुलग्यांना झाला. मागे असलेल्या मुलींना झालाच नाही. सरासरीच्या एका आकड्यात त्या मुली दिसेनाशा होतात.

हा प्रयोग आपल्याकडे करायचा म्हणत असाल तर आणखी एक अडचण. तिथे शाळेतच दरवर्षी विषय निवडता येतात, म्हणून पत्रकांना काम करायला जागा मिळाली. आपल्याकडे दहावीनंतर शाखा एकदाच ठरते. म्हणजे पत्रक नववीतच घरी पोचायला हवं, आणि मोजायचं काय तेही आधी ठरवा: शाखा, की अकरावी-बारावीला गणित ठेवलं की सोडलं?