रोगाचा हेतू : 'द स्ट्रेन' आणि संसर्गभयाचे कथन

भयकथेचा विचार करताना तिच्यातील राक्षस 'कशाचे रूपक आहे' हा प्रश्न सहसा प्रथम विचारला जातो. उत्तरही बहुधा तयार असते : राक्षस म्हणजे त्या त्या काळातील समाजाची दडपलेली भीती. या समीकरणाची सोय अशी, की कोणत्याही कलाकृतीला ते लावता येते. आणि उणीव अशी, की एकदा लावल्यावर विचारण्यासारखे फारसे काही उरत नाही. ज्या संहितेत हे समीकरण उघडपणे मांडलेलेच असते, तिच्यापुढे तर ते निरुपयोगी ठरते. गिएर्मो देल तोरो आणि चक होगन यांच्या कादंबरीत्रयीवर (२००९-२०११) आधारलेली 'द स्ट्रेन' ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका या प्रकारात मोडते. व्हॅम्पायर म्हणजे साथीचा रोग, हे तिच्यात समीक्षकाने शोधून काढावे लागत नाही. पात्रेच ते बोलून दाखवतात. म्हणून प्रश्न थोडा वेगळ्या रीतीने मांडायला हवा. रोगाला रक्तपिपासूचे रूप दिल्यावर रोगाच्या कल्पनेत कोणती भर पडते, आणि तिच्यातून काय वजा होते?

'एफएक्स' वाहिनीवर जुलै २०१४ ते सप्टेंबर २०१७ या काळात या मालिकेचे चार हंगाम प्रसारित झाले. बर्लिनहून आलेले एक विमान न्यूयॉर्कच्या धावपट्टीवर निश्चल उभे राहते. आतील प्रवाशांपैकी चौघे सोडून सारे मृत आढळतात. तपासासाठी येतो तो पोलीस अधिकारी किंवा धर्मगुरू नव्हे, तर रोगनियंत्रण केंद्राचा साथरोगतज्ज्ञ इफ्राइम गुडवेदर. रोग पसरतो तो पांढऱ्या, केसासारख्या बारीक कृमींमुळे. हे कृमी त्वचेखाली शिरतात, आतील अवयवांची नवी रचना घडवितात आणि बाधिताच्या मुखातून नांगीसारखा लांब अवयव बाहेर पडू लागतो. शीर्षकातील शब्दाला जंतूचा वाण आणि ताण असे दोन्ही अर्थ आहेत. प्रारंभीच्या भागांवर पहिल्या अर्थाची, म्हणजे प्रयोगशाळेच्या परिभाषेची, पूर्ण पकड आहे.

व्हॅम्पायर आणि वैद्य यांची ही गाठ आधुनिक कल्पकतेची निर्मिती आहे असे मानण्याचे मात्र कारण नाही. युरोपीय भाषांत 'व्हॅम्पायर' हा शब्द रूढ झाला तोच मुळी वैद्यकीय अहवालांमधून. सर्बियातील मेद्वेजा या गावी झालेल्या मृत्यूंची चौकशी करून योहान फ्ल्यूकिंगर या लष्करी शल्यवैद्याने १७३२ मध्ये अहवाल सादर केला. उकरून काढलेली प्रेते, न कुजलेले अवयव, द्रवरूप रक्त यांची त्याने अलिप्तपणे नोंद केली. पुढे गेरार्ड व्हान स्वीटेन या दरबारी वैद्याच्या अभिप्रायावरून सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने १७५५ मध्ये अशा शवविटंबनेला बंदी घातली. म्हणजे वैद्यकाने या कल्पनेला प्रथम कागदोपत्री अस्तित्व दिले आणि नंतर ते काढूनही घेतले. तथापि कल्पना टिकली. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिल्यानंतर दहा वर्षांनी, १८९२ मध्ये, अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमध्ये क्षयाने मेलेल्या एका तरुणीचे प्रेत उकरून तिचे हृदय जाळण्यात आले आणि ती राख तिच्या आजारी भावाला औषध म्हणून देण्यात आली. तो वाचला नाही.

साहित्याने हा दुवा पुढे नेला. 'ड्रॅक्युला' (१८९७) लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरला स्लायगोतील १८३२ च्या पटकीच्या साथीच्या आठवणी आईकडून मिळाल्या होत्या. मुर्नाऊच्या 'नोस्फेराटू' (१९२२) या चित्रपटात सरदार ऑर्लोकचे जहाज उंदीर आणि प्लेग घेऊन बंदराला लागते. 'द स्ट्रेन'मधील विमान हे त्या जहाजाचेच नवे रूप होय. त्याच्या पोटातही मातीने भरलेली शवपेटी आहे. मालिका या परंपरेत नवे काय आणते, हे पाहण्यासाठी तिच्या दोन कल्पनांचा परस्परविरोध ध्यानात घ्यावयास हवा.

पहिली कल्पना 'प्रियजनां'ची. येथील बाधित माणूस वाटेल त्याच्याकडे जात नाही. तो प्रथम आपल्या घरी, ज्यांच्यावर त्याचे प्रेम होते त्यांच्याकडे परततो. गुडवेदरची विभक्त पत्नी बाधित झाल्यावर मुलाला शोधीत राहते. वाचलेल्या प्रवाशांपैकी एक जण आपल्या शरीरातील बदल ओळखतो आणि कुटुंबाला धोका होऊ नये म्हणून अंगणातील खोपटात स्वतःला साखळीने बांधून घेतो. साथीच्या रोगाविषयी इतके खरे विधान भयकथेत क्वचितच आढळते. पहिला हंगाम प्रसारित होत असतानाच पश्चिम आफ्रिकेतील इबोलाची साथ भडकली होती. जागतिक आरोग्य संघटनेने ८ ऑगस्ट २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, आणि ३० सप्टेंबरला अमेरिकेतील पहिल्या रुग्णाचे निदान डॅलसमध्ये झाले. अकरा हजारांहून अधिक बळी घेणाऱ्या त्या साथीत संसर्गाचे प्रमुख मार्ग होते रुग्णाची शुश्रूषा करणे आणि मृताला अखेरचे स्नान घालणे. डॅलसमध्येही पुढे बाधित झाल्या त्या त्या रुग्णाची काळजी घेणाऱ्या दोन परिचारिकाच. जिव्हाळ्याची वाट हीच मृत्यूची वाट व्हावी, ही या भीतीची सर्वांत दुःसह बाजू मालिकेने नेमकी पकडली आहे.

दुसरी कल्पना 'मास्टर'ची. सर्व बाधितांमागे एकच मन आहे. ते त्यांच्या डोळ्यांनी पाहते, त्यांच्या मुखाने बोलते. त्याला एल्ड्रिच पामर नावाचा मृत्यूला भ्यालेला धनाढ्य साहाय्य करतो आणि आरोग्ययंत्रणा आतून पोखरली जाते. येथे पहिली कल्पना मोडीत निघते. पत्नी घरी परतते ती प्रेमामुळे की मास्टरच्या आज्ञेने, हा प्रश्न सुरुवातीस अनिर्णित असतो. पुढे त्याचे उत्तर आज्ञेच्या बाजूने मिळते आणि शोकांतिका कटाच्या कथेत रूपांतरित होते.

रोगाला हेतू बहाल करण्याची ही क्रिया कथनाच्या दृष्टीने समजण्यासारखी आहे. जंतूला चारित्र्य नसते, आणि चारित्र्यहीन प्रतिनायकावर चार हंगाम चालवता येत नाहीत. परंतु ती केवळ कथनाची गरज नाही. भयभीत समाजाचीही ती गरज असते. गिनीतील वोमे या गावी सप्टेंबर २०१४ मध्ये इबोलाविषयी माहिती देण्यास गेलेल्या पथकातील आठ जण मारले गेले. त्या पथकांनीच रोग आणला असा संशय त्या प्रदेशात पसरलेला होता. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमध्ये दूरध्वनीचे मनोरे जाळले गेले, ते नव्या लहरींमुळे कोविड पसरतो या समजातून. दोन्ही ठिकाणी लोक 'मास्टर'चाच शोध घेत होते. आजाराला रूपकांपासून मुक्त करावे, असे सूझन सॉन्टॅग यांनी 'इलनेस ॲज मेटाफर' (१९७८) या ग्रंथात प्रतिपादन केले होते. त्यात एवढी पुस्ती जोडावीशी वाटते, की सर्व रूपके सारखीच घातक नसतात. घातक असते ते आजाराला कर्ता पुरविणारे रूपक.

या रूपकाचा परिणाम बाधितांच्या वाट्याला येतो. एकदा बाधित हा शत्रूचा अवयव ठरला, की त्याच्यावर उपचार करण्याचा प्रश्नच उरत नाही. गुडवेदरचा सहकारी जिम केंट बाधित होतो तेव्हा कृमी शस्त्रक्रियेने काढण्याचा प्रयत्न होतो. तो फसतो, आणि त्याचे साथीदारच त्याचा शेवट करतात. त्यानंतर वैद्यकाची भूमिका पालटते. दुसऱ्या हंगामात गुडवेदर आणि नोरा मार्टिनेझ हे बाधितांना मारणारा दुसरा रोग प्रयोगशाळेत तयार करतात. रोगनिवारक हाच रोगनिर्माता होतो, आणि संहिता या क्षणावर रेंगाळत नाही.

हे मौन विशेष बोचते, कारण मालिकेने स्वतःच त्याच्या शेजारी एक साक्ष उभी केली आहे. व्हॅम्पायरविद्येचा जाणकार अब्राहम सेट्राकियन हा नाझी छळछावणीतून वाचलेला वृद्ध आहे. मास्टरचा हस्तक आइकहॉर्स्ट हा त्याच छावणीचा अधिकारी. ज्यूंना उंदीर, उवा, परोपजीवी जंतू म्हणणारी भाषा त्या छावण्यांच्या मुळाशी होती. 'द इटर्नल ज्यू' (१९४०) या प्रचारपटात उंदरांची दृश्ये ज्यूंच्या दृश्यांना जोडली होती, आणि वायुकोठड्यांत वापरलेला झिक्लोन-बी हा मुळात कीटकनाशक होता. असे असताना शिरच्छेद आणि दहन हा एकमेव उपाय मालिका सेट्राकियनच्याच तोंडी घालते, आणि त्याला साथ देतो तो शहराचे उंदीर मारण्याचा व्यवसाय असलेला व्हॅसिली फेट. फेट हे पात्र लोभस आहे, यात शंका नाही. तथापि त्याच्या व्यवसायाची परिभाषा माणसांना लागू होताना सेट्राकियनला काही आठवू नये, हे त्या पात्राशी विसंगत वाटते.

यावर असा आक्षेप संभवतो, की बाधित येथे खरोखरच माणूस उरलेला नसतो. कल्पित विश्वाचे नियम त्या विश्वापुरतेच मानावेत. आक्षेप रास्त आहे. परंतु हा नियम मालिकेनेच दोनदा शिथिल केला आहे : साखळीने बांधून घेणाऱ्या त्या माणसाच्या बाबतीत, आणि मास्टरच्या सत्तेतून निसटून माणसांच्या बाजूने लढणाऱ्या क्विनलन या अर्धव्हॅम्पायरच्या बाबतीत. म्हणजे बाधितालाही विवेक असू शकतो, ही शक्यता संहितेला ठाऊक आहे. तिची किंमत तिला परवडत नाही, इतकेच. चौथ्या हंगामात न्यूयॉर्कवर मास्टरची राजवट येते, माणसांचे रक्त काढणारे कारखाने उभे राहतात, आणि साथीची परिभाषा जाऊन परकीय ताब्याची परिभाषा येते. रोगाला हेतू दिल्यावर कथा युद्धाकडे वळणे अपरिहार्यच होते.

'द स्ट्रेन'ची खरी उपलब्धी म्हणूनच तिच्या भव्य संघर्षांपेक्षा त्या खोपटातील साखळीत शोधावी लागते. तेथे शत्रू नाही, कट नाही. आपल्या स्पर्शाने आपलीच माणसे मरतील हे कळलेला एक रुग्ण आहे. विलगीकरणाचा नैतिक अर्थ त्या दृश्यात पुरता व्यक्त झाला आहे. २०२० नंतर ही मालिका पाहणाऱ्याला तो उलगडून सांगावा लागणार नाही.