गोधडीची ऊब आणि गोधडीचे टाके

गोधडीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्यातले बहुतेक लेखन गोधडी अंगावर घेऊन केलेले आहे. आईची माया, आजीचे लुगडे, थंडीतली ऊब, इथे ते थांबते. गोधडी उलटी करून तिचे टाके पाहणारे लेखन फार थोडे.

बंगालची कांथाही जुनेऱ्यांचीच. साड्यांच्या काठांतून ओढून काढलेल्या रंगीत दोऱ्यांनी तिच्यावर नक्षी भरत. तिला जसीमुद्दीन यांचे ‘नक्षी काँथार माठ’ हे काव्य १९२९ मध्ये लाभले. १९३९ मध्ये स्टेला क्रामरिश यांनी तिच्यावर निबंध लिहिला. गुरुसदय दत्त यांनी जमवलेल्या कांथा कोलकात्याजवळ जोका येथील संग्रहालयात आहेत. कांथेवर चित्रे असतात, गोधडीवर नुसता धावदोरा; तेव्हा तिच्यावर समीक्षा ती काय लिहायची, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही.

धावदोराही वाचता येतो. गोधडीचे टाके बहुधा कडेपासून सुरू होतात आणि चौकोनात चौकोन करीत मध्याकडे जातात. कडा आधी धरल्या की आतले थर सरकत नाहीत. ओळी जवळ असल्या की विरलेले कापड फाटले तरी फाट पुढच्या ओळीपाशी अडते. हा शिवणारीचा हिशेब आहे.

माझ्याकडची एक गोधडी कडेला उसवली, तेव्हा आत दंड घातलेले लुगडे निघाले. मधला जीर्ण भाग काढून, धड तुकडे जोडून ते पुन्हा नेसले गेले होते आणि मग गोधडीत गेले होते. वरचा थर उन्हाने, धुण्याने विटलेला. आतली निळाई मात्र गर्द. रंगाचा आणि काटकसरीचा असा दस्तऐवज कोणत्या दप्तरात मिळणार?

शिवणारी नेहमी घरचीच असते असेही नाही. मजुरी घेऊन गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आजही आहेत. सगळे श्रेय मायेला दिले की त्यांची मजुरी आणि हातोटी दोन्ही नजरेआड होतात.

ऊब खोटी नाही. पण ती थरांत अडकलेल्या हवेची असते आणि ते थर टाक्यांनी धरलेले असतात. गोधडीच्या समीक्षेने त्या टाक्यांपासून सुरुवात करावी.