ओटा आणि आरपार दगड

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग मागे टाकलं की जळकोट येतं. रस्त्याकडेची दुकानं, त्यांची लोखंडी शटरं, वरचे फ्लेक्स, पुढे ओढलेला पत्रा, हा चेहरा उमरग्याला असतो आणि सोलापुरातही असतो. त्यात मन फारसं रमत नाही. या भागातल्या जुन्या गावठाणात शिरून माळवदाच्या घराची दर्शनी भिंत खालून वर बघत जावं, हे मात्र मला वर्षानुवर्षं पुरलेलं सुख आहे.

खाली जोतं. काळ्या दगडाचे घडीव चिरे, सांधे इतके नेटके की नख जात नाही. कमरेच्या वर गेलं की घडीव दगड संपतो आणि मातीत रचलेला गोलसर दगड सुरू होतो. मालकाचा पैसा कुठवर पोचला, हे त्या रेषेवरून कळतं. खिडकी नाही. हवा-उजेड घेणारी सवणी वर माळवदात आणि आत चौकात. रस्त्याला फक्त दार. म्हणून सगळी कलाकुसर दारापाशी गोळा झालेली: जाड उंबरठा, वर गणेशपट्टी, दोन बाजूंना पणतीपुरत्या दिवळ्या. शेवटी माळवदाच्या कडेला रस्त्यावर पाणी टाकणारी दगडी पन्हळ. एवढ्या मोठ्या कोऱ्या भिंतीत एकच दार असल्यामुळे त्या दाराला वजन येतं. शेजारची भिंत बोलकी असती, तर ते आलं नसतं.

आणि दाराच्या दोन्ही अंगांना ओटा. घराचाच दगड पुढे आलेला, पण बसायला कुणाला विचारावं लागत नाही. सकाळी त्यावर म्हातारा ऊन घेत बसतो, दुपारी बायका ज्वारी निवडतात, संध्याकाळी पोरं दप्तरं टाकतात. मालकी घराची आणि वापर गल्लीचा, असा भाग आजच्या नकाशात दाखवायला रंगच नाही.

एका गल्लीतली घरं एकमेकांना शोभतात, ती कशामुळे? कुणी समिती बसली नव्हती. माप लाकडाने घालून दिलं. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. तुळई जेवढी लांब मिळेल, तेवढाच तो रुंद. घर विचारायचं तेच मुळी खणांत: किती खणाचं? तीन खणाचं, पाच खणाचं. दगड जवळच्याच माळाचा, पांढरी माती गावच्याच पांढरीची, गाडीवाट बैलगाडीच्या रुंदीची. सामान एक, माप एक, म्हणून गल्लीला एक ताल. त्यात प्रत्येक दाराने आपापली जागा घेतलेली.

या भिंतींचं कौतुक करताना ३० सप्टेंबर १९९३ची पहाट ओलांडून जाता येत नाही. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली, आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. माणसं मेली ती मुख्यतः या भिंतींखाली आणि या माळवदांखाली. भिंत बाहेरून एकसंध दिसे, पण होती दोन पदरांची: आतला पदर, बाहेरचा पदर आणि मधे माती-कपरी. दोघांना बांधणारं काही नव्हतं. हादऱ्यात पदर सुटले. वर माळवद गळू नये म्हणून वर्षानुवर्षं मातीचे थर चढवलेले. ते ओझं खाली आलं. पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळल्या आणि लाकडाचा सांगाडा मात्र उभा राहिला. ज्या खणाने गल्लीला ताल दिला होता, तोच टिकला. हे मला फार मोलाचं वाटतं.

त्यानंतर लेखी मापं आली. त्यांतलं एक मला एखाद्या उत्तम ओळीसारखं पाठ आहे. मातीतल्या दगडी भिंतीला दर ६० सेंटीमीटर उंचीला, आडवं दर १.२ मीटरला, भिंतीच्या आरपार जाणारा एक दगड हवा. भारतीय मानक १३८२८ हे १९९३चंच. त्यात हे आहे. केवढं साधं! दगड तोच, गवंडी तोच. फक्त एक लांब दगड निवडून तो आडवा घालायचा, म्हणजे दोन पदर एकमेकांचा हात धरतात.

उभ्या राहिलेल्या घरांत ही गोष्ट नंतर करावी लागली. भिंतीतले दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडायचं, वाकवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. असं केलेली भिंत ओळखू येते. काळपट दगडांत ठरावीक अंतरावर राखाडी टिकल्या. मी पहिल्यांदा पाहिल्या, तेव्हा विद्रूप वाटल्या. कारण कळल्यावर तीच भिंत जवळ जाऊन बघितली. एका टिकलीवर काँक्रीट ओलं असताना थापलेल्या तळहाताचा ठसा तसाच राहिला होता. आता त्या टिकल्या मला गणेशपट्टीइतक्याच दर्शनी भागाच्या वाटतात. हे काम गावोगाव पोचलं, त्यात संवाद सहायक म्हणून फिरलेल्या बायकांचा वाटा मोठा आहे. दारोदारी ओट्यावर बसून त्यांनी भिंतीची गोष्ट समजावली.

जी ५२ गावं पूर्ण उठवून नव्या जागी वसवली, तिथे मापं वेगळी होती. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फुटांचं घर, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. घरं भक्कम झाली, त्याबद्दल ऋण मानलंच पाहिजे. पण रस्ते चौकटीच्या वहीसारखे सरळ आणि रुंद आखले गेले. उन्हाळ्यात तिथून चालताना सावलीसाठी भिंत जवळ येत नाही. समोरच्या दाराशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. नकाशात ओटा नव्हता. मग लोकांनी तो करून घेतला. आधी दारापुढे लिंब लावला (इकडे लिंब म्हणजे कडुलिंबच), मग त्याच्या बुंध्याशी दगड आणून पार बांधला, मग पायरी रुंद करत नेली.

म्हणूनच राज्याच्या विकास नियंत्रण नियमांमधली एक छोटी तरतूद मला जपून ठेवावीशी वाटते. इमारतीपुढच्या मोकळ्या जागेत कठडे, खांब बांधायला मनाई करता करता ती म्हणते की पायऱ्या, किंवा पायऱ्यांसह ओटा, इमारतरेषेपासून १.२० मीटरपर्यंत पुढे आलेला चालेल. मूळ इंग्रजी मजकुरातही शब्द ‘ओटा’च आहे; त्याला दुसरा शब्द सापडला नसावा. १.२० मीटर म्हणजे सुमारे चार फूट. मांडी घालून पाठ भिंतीला टेकवली, तरी पुढे ज्वारीचं सूप ठेवायला जागा उरते. आलेल्या माणसाला शेजारी सरकून बसा म्हणता येतं. नियमातला हा आकडा ज्याने लिहिला, तो कधीतरी अशा ओट्यावर बसलेला असणार, असं मला मनापासून वाटतं.

मागच्या वेळी या भागात नव्यानेच उठलेलं सिमेंटचं दुमजली घर पाहिलं. वर काचेची खिडकी, चकचकीत टाइल. दाराच्या डाव्या हाताला मात्र जुन्या जोत्याचे चार काळे चिरे पुन्हा बसवलेले. त्यांच्यावर एक आजी लसूण सोलत बसल्या होत्या. मला थांबलेला पाहून त्यांनी सालपटं एका बाजूला लोटली आणि त्या म्हणाल्या, “बस की बाबा.”