‘सचित्र’ या शब्दाची मर्यादा : ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ आणि ग्रंथालयीन तालिकीकरण

प्रस्तावना

ग्रंथाच्या तालिकानोंदीत पृष्ठसंख्येनंतर ‘सचित्र’ असा शब्द लिहिला जातो व चित्रांविषयीचे कथन बहुधा तेथेच संपते. सर्वसाधारण पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत एवढी नोंद पुरेशी असते. परंतु ज्या ग्रंथातील चित्रे मजकुराची केवळ सोबत करीत नाहीत, तर स्वतःच इतिहासाचे साधन ठरतात, तेथे हा शब्द अपुरा पडतो. प्रस्तुत लेखात अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) निजामशाही दरबारातील एका सचित्र हस्तलिखिताच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हस्तलिखित व त्यातील चित्रे

‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे आफताबी या कवीचे फार्सी स्तुतिकाव्य होय. पहिला हुसेन निजामशहा (कारकीर्द १५५३ ते १५६५) हा त्याचा नायक असून १५६५ मधील तालिकोटच्या लढाईतील विजयाचे वर्णन त्यात आहे. हे हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात असून जी. टी. कुलकर्णी व म. श्री. माटे यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती मंडळाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. हस्तलिखितात आज १२ लघुचित्रे उपलब्ध आहेत.

या चित्रांचे वेगळेपण दोन गोष्टींत आहे. पहिली अशी की, राजासमवेत त्याची राणी खुंजा हुमायून, म्हणजे चांदबिबीची आई, हिचे चित्रण करण्यात आले होते. तत्कालीन दरबारी चित्रपरंपरेत हे विरळच म्हटले पाहिजे. मात्र अनेक चित्रांत राणीची आकृती पुढे पुसली अथवा रंगाने झाकली गेली. हुसेनच्या मृत्यूनंतर अल्पवयीन मुर्तजाच्या नावाने राणीने कारभार पाहिला आणि १५६९ मध्ये मुर्तजाने तिला कैदेत टाकले. या सत्तांतराशी आकृती पुसण्याचा संबंध अभ्यासक जोडतात आणि त्यावरूनच चित्रांचा काळ १५६५ ते १५६९ यांच्या दरम्यान असावा, असे अनुमान करतात. दुसरी गोष्ट ‘दोहद’ दृश्याची. स्त्रीच्या स्पर्शाने वृक्ष बहरतो हा संस्कृत काव्यातील संकेत येथे एका फार्सी काव्याच्या पानावर चित्ररूपाने अवतरला आहे.

नियम आणि व्यवहार

आता अशा ग्रंथाच्या नोंदीत ‘काही चित्रे खराब’ असे लिहिले गेले, तर काय होईल? कसर, ओल व हाताळणी यांमुळे झालेली हानी आणि हेतुपुरस्सर पुसलेली आकृती या दोन्ही एकाच सदरात जमा होतील. कालनिश्चितीचा जो पुरावा आहे, तोच दोष म्हणून नोंदविला जाईल. ‘दोहद’ हा विषय तर फार्सी काव्य या वर्गात कोणी शोधणारच नाही.

याचा सर्व दोष नियमांना देता येत नाही. डॉ. रंगनाथन यांच्या वर्गीकृत तालिका संहितेच्या (१९३४) मुख्य नोंदीत पृष्ठे व चित्रे यांच्या वर्णनाला स्थान नाही, हे खरे. परंतु आंग्ल-अमेरिकन तालिकीकरण नियमांच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९७८) चित्रांचा प्रकार, रंग आणि सहज मोजता येत असल्यास संख्या देण्याची सोय आहे. शिवाय टीपांचा स्वतंत्र विभाग आहे. मार्क २१ मध्येही चित्रवर्णनासाठी उपक्षेत्र व टीपांसाठी क्षेत्रे आहेत. म्हणजेच जागा उपलब्ध आहे. ती रिकामी ठेवण्याची सवय आपली आहे.

अपेक्षित नोंद

अशा ग्रंथांसाठी चार बाबी नोंदविणे आवश्यक वाटते : चित्रांची संख्या व तंत्र, ती पानावरच काढलेली आहेत, चिकटवलेली आहेत की घडीची आहेत, त्यांची आजची अवस्था, आणि चित्रविषय. उदाहरणार्थ : ‘लघुचित्रे १२, रंगीत. अनेक चित्रांत राजासमवेतची स्त्री-आकृती नंतर पुसलेली वा झाकलेली.’ राणीचे नाव व १५६९ चा संदर्भ यानंतर ‘अभ्यासकांच्या मते’ असे म्हणून वेगळा द्यावा. जे डोळ्यांना दिसते ते आणि जे अनुमानाने कळते ते, यांतील भेद तालिकाकाराने पाळलाच पाहिजे.

महाविद्यालयीन ग्रंथालयांत मनुष्यबळ अपुरे असते, हा आक्षेप रास्त आहे. तथापि ही सविस्तर नोंद सर्व ग्रंथांसाठी अपेक्षित नाही. स्थानिक इतिहासाच्या कपाटातील दुर्मिळ ग्रंथ, घडीचे नकाशे, शिळाप्रेसवरील सचित्र पोथ्या व चिकटवलेली रंगीत चित्रे असलेली पुस्तके यांच्यापुरतीच ती करावी. हे काम ग्रंथपालाने एकट्याने करण्याऐवजी इतिहास, फार्सी, संस्कृत व चित्रकला या विषयांच्या प्राध्यापकांच्या साहाय्याने करणे इष्ट ठरेल.

निष्कर्ष

चित्रांचे वर्णन हा तालिकीकरणाचा दुय्यम भाग मानल्यामुळे पुरावा हाती असूनही तो अभ्यासकापर्यंत पोहोचत नाही. मंडळाची १९८७ ची आवृत्ती ज्या ग्रंथालयांत आहे, त्यांनी तिच्या नोंदीत मूळ हस्तलिखिताचे स्थान, १२ चित्रांचा उल्लेख, ‘खुंजा हुमायून’ व ‘दोहद’ हे विषयसंलेख आणि ‘अहमदनगर’ व ‘अहिल्यानगर’ यांचे परस्परसंदर्भ जोडावेत. राणीच्या नावाने शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला या ग्रंथापर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग आज तालिकेत नाही.